बदललेला गुडघा पुन्हा बदलावा लागलाय का कुणाला? अनुभव सांगा

आईचा डावा गुडघा बदलून १३ वर्षं झाली, छान चालत होती, पण गेल्या दिवाळीपासून जिना उतरताना गुडघा दगा देतो म्हणते, बसली की दुखायचं थांबतं. एक्सरेत नडगीच्या हाडातल्या प्लेटखाली काळी रेघ दिसतेय, इम्प्लांट (बसवलेला कृत्रिम सांधा) लूज झालंय, रिव्हिजन म्हणजे ते काढून नवीन बसवायचं ऑपरेशन करावं लागेल असं डॉक्टर म्हणाले. वय ७४, शुगर आहे. कुणाच्या घरी झालं असेल तर प्लीज सगळं लिहा, मी फार घाबरलेय.

*

ताई, आमच्या बाबांचं झालंय. दोन धातूंच्या मध्ये जी प्लास्टिकची चकती असते ना ती एका बाजूने झिजली होती, आणि त्या झिजेचा बारीक चुरा आतल्या आत हाड पोखरत जातो हे आम्हाला माहीतच नव्हतं, दोन वर्षं वयामुळे दुखतंय म्हणून नुसतं तेल चोळत बसलो. दरवर्षी एक्सरे काढला असता तर आधीच कळलं असतं. उघडलं तेव्हा हाड पोकळ, मग लांब दांड्याचं इम्प्लांट आणि खाली धातूचे तुकडे लावून भर घातली. पहिल्या वेळी तिसऱ्या दिवशी जिना चढले होते, यावेळी सहा आठवडे वॉकर. पण आता एकटे भाजी आणतात.

*

लूज म्हणाले तरी आधी ईएसआर, सीआरपी (इन्फेक्शनचा अंदाज देणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) आणि गुडघ्यातलं पाणी काढून कल्चर, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते बघायची तपासणी, करायला सांगाच. मला इन्फेक्शन निघालं. जुनं सगळं काढून अँटिबायोटिकवाल्या सिमेंटचा स्पेसर (सांध्याच्या जागी तात्पुरता ठोकळा) घातला, दोन महिन्यांनी दुसरं ऑपरेशन. ते मधले दिवस फार वाईट जातात, घरात कुणीतरी पाहिजेच. आणि पाणी काढायच्या आधी मनाने अँटिबायोटिक देऊ नका, मग कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत.

*

आम्ही न्यू जर्सीत. सासूबाईंना २०२२ मध्ये त्यांच्या गुडघ्याच्या इम्प्लांटबद्दल पत्र आलं, चकतीच्या पाकिटाला ऑक्सिजन अडवणारा एक थर कमी होता त्यामुळे प्लास्टिक लवकर खराब होऊ शकतं. धातूचे भाग घट्ट होते म्हणून फक्त चकती बदलली. फाईलमधला इम्प्लांटचा स्टिकर जपून ठेवा, लॉट नंबर (कुठल्या खेपेत बनलं तो नंबर) त्यावरच असतो.

*

खर्चाचं. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने इम्प्लांटच्या किमती बांधून दिल्या, तेव्हा साधा कोबाल्ट क्रोम या धातूचा ५४,७२० आणि रिव्हिजनचा १,१३,९५० रुपये होता, जीएसटी वेगळा. आताचा दर विचारा आणि बिलात इम्प्लांट वेगळा दाखवायला लावा.

*

सगळ्यांचे खूप आभार. माळ्यावरून जुनी फाईल काढली, स्टिकर आहे! सोमवारी पाणी तपासायला नेतेय आईला.