जुनी ४x४ घेताना मागचा डिफ लॉक किती महत्त्वाचा?

काळंरान: २०१७ ची थार सीआरडीई (कॉमन-रेल डिझेल इंजिनवाली) बघतोय. मागच्या डिफरन्शियलला (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी पेटी) लॉक, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र जोडणारी सोय, आहे म्हणून विकणारा ६० हजार जास्त मागतोय. पावसाळ्यात काळ्या रानातली अर्धा किलोमीटर वाट, बाकी सगळा डांबरी रस्ता. लॉकसाठी एवढे पैसे द्यावेत का?

सह्यघाट: वेगळे पैसे कसले? २०१५ च्या फेसलिफ्टपासून सीआरडीईला ईटनचा मेकॅनिकल लॉकर कंपनीतूनच येतो. पण लॉकर हवाच, यावर मी ठाम आहे. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक हवेत लोंबलं की त्याला फिरायला जोर लागत नाही, मग जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच नगण्य जोर मिळतो. ओढ्यात पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकदम उचललं गेलं, तर ४एल (चारही चाकांना ताकद, सगळ्यात संथ आणि जोरदार गिअर) टाकूनही गाडी जागची हलत नाही. मागे लॉकर असेल तर तिथूनच निघते.

पाना१४: खडकाळ ओढ्यासाठी मान्य, काळ्या मातीसाठी नाही. तिथे चाक लोंबत नाही, टायरच्या खोबणी चिखलाने भरतात आणि चारही टायर टकले होतात. लॉकर लागला की मागची दोन्ही चाकं मिळून खड्डा खोदतात, आणि वाट कलती असेल तर मागची बाजू खाली घसरते. ते ६० हजार चार चांगल्या मड टायरांत घाला, रानात शिरताना हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा, डांबरीवर आल्यावर परत भरा.

सह्यघाट: टायर नंतर कधीही बदलता येतात, लॉकर मागाहून बसवणं खर्चाचं आणि कटकटीचं काम आहे. कधी ना कधी चाक चरात जाणारच.

काळंरान: लॉकर चालू आहे की नाही हे कळतं कसं?

गिअरपेटी: मागची चाकं जॅकवर घ्या, गिअर न्यूट्रलला, एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलटं फिरलं तर लॉकर मेलाय.

पाना१४: हे साफ चुकीचं आहे. असं करून लोक चांगल्या गाड्या नाकारतात. हा लॉकर दोन चाकांच्या वेगात साधारण १०० आरपीएमचा फरक पडल्यावरच लागतो आणि ताशी ३२ किलोमीटरच्या वर लागत नाही. हाताने फिरवल्यावर तो साध्या डिफरन्शियलसारखाच वागणार. आणि एकच चाक जॅकवर घेऊन गिअर टाकायचा तर विचारही नको. लॉकर लागला की जमिनीवरचं चाक गाडी पुढे ढकलतं आणि गाडी जॅकवरून उडते.

मागचं एक चाक चरावर लोंबेल अशी मोकळी जागा शोधा, गाडीपुढे कोणी उभं राहू देऊ नका. २एच (फक्त मागच्या चाकांना ताकद), पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, १,२०० ते १,५०० आरपीएम. चाक एक-दोन फेरे गरगरतं, मग खाडकन आवाज येतो आणि गाडी निघते. नुसतं फिरतच राहिलं तर लॉकर गेला. हीच चाचणी ४एलमध्ये केली तर चाक इतकं हळू फिरतं की आयडलवर फरक १०० पर्यंत पोचतच नाही. उगाच घाबरायला होतं. ॲक्सिलरेटर मात्र दाबून धरू नका; जोरात गरगरणाऱ्या चाकावर लॉक बसला की ॲक्सल शाफ्ट तुटतो.

गिअरपेटी: बरोबर, हाताची चाचणी मागे घेतो. पण लॉकरआधी पुढची चाकं ओढतात का ते बघा. हब (पुढची चाकं ॲक्सलला जोडणारे भाग) व्हॅक्यूमवर लागणारे असतील आणि नळी फाटलेली असेल, तर डॅशबोर्डवर ४x४ चा दिवा लागतो, पण पुढे ओढ शून्य. मातीत ४एच (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगाला) टाकून स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि हळू चालवा. गाडी अडखळली, आखडली तर पुढचा ॲक्सल जोडला गेलाय. अगदी मोकळी वळली तर शंका घ्या. कोरड्या डांबरीवर हे करू नका, मधे डिफरन्शियल नसल्याने सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) जातो.

काळंरान: जिम्नी घेतली तर?

सह्यघाट: तिला मेकॅनिकल लॉक नाही. गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसरीकडे वळवते, तेव्हा टर्र-टर्र ऐकू येतं. हलकी असल्याने चिखलात छान चालते. एबीएसचा दिवा पेटलेला असेल तर मात्र ती सोयही बंद, म्हणून चावी फिरवताना तो दिवा लागून विझतो का ते बघा. मुळात लागलाच नाही, तर कोणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

पाना१४: कुठलीही घ्या, सौद्याआधी ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं तेल थोडं काढून बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, ब्रीदरची (आतली हवा बाहेर जाऊ देणारी) नळी निघालेली असू शकते. तेल काढायच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी लगदा चालतो, नखाला टोचणारे तुकडे दिसले तर ती गाडी सोडा.