पासवर्ड दोनदा बदलूनही खात्यावरून जाहिराती जात आहेत

रानजाई:
नमस्कार. आमच्या गिर्यारोहण मंडळाचे एक्सवरील (पूर्वीच्या ट्विटरवरील) खाते मी आणि आणखी दोन सदस्य सांभाळतो. गेल्या आठवड्यापासून त्यावरून गॉगलवरील सवलतीच्या जाहिराती आपोआप प्रसिद्ध होत आहेत, आणि काही फॉलोअर्सना खासगी संदेशांतून लिंकही गेल्या आहेत. पासवर्ड दोनदा बदलला, टू-फॅक्टर पडताळणी (पासवर्डनंतर ओटीपीही मागणारी) सुरू केली, तरी काल रात्री आणखी दोन जाहिराती गेल्याच. हे कोठून होत असावे?

कुलूपबंद:
इतर उपकरणांवरील सेशन्स, म्हणजे चालू राहिलेली लॉगिन, बंद केलीत का? एखाद्या जुन्या संगणकावर खाते उघडे राहिले असण्याची शक्यता आहे.

रानजाई:
केली. यादीत आता केवळ माझा मोबाइल दिसतो.

जुनाप्रोग्रामर:
मग खात्याला जोडलेली अ‍ॅप्स तपासा. 'तुमचे फॉलोअर्स कोणी सोडले ते पाहा' अशा सेवेला आपण परवानगी देतो, तेव्हा तिला पासवर्ड मिळत नाही, तर एक स्वतंत्र टोकन, म्हणजे आपल्या वतीने खाते वापरण्याची डिजिटल किल्ली, मिळते. हे एखाद्याला मुखत्यारपत्र लिहून देण्यासारखे आहे. नंतर घराचे कुलूप बदलले म्हणून ते रद्द होत नाही. पासवर्ड आणि ओटीपी या दोन्हींचा तेथे उपयोग होत नाही तो यामुळेच.

सेटिंग्जमध्ये 'सिक्युरिटी अँड अकाउंट अ‍ॅक्सेस', त्यात 'अ‍ॅप्स अँड सेशन्स' आणि त्याखाली 'कनेक्टेड अ‍ॅप्स' उघडा. प्रत्येक अ‍ॅपला केवळ वाचण्याची परवानगी आहे, लिहिण्याचीही आहे, की खासगी संदेशांचीही आहे, हे तेथे दिसेल. तुमच्याकडून संदेशही गेले असल्याने तिसऱ्या प्रकारची परवानगी असलेली अ‍ॅप्स आधी पाहा. संशयितांची यादी बरीच आखूड होईल.

अ‍ॅप मुळात फसवे असलेच पाहिजे असेही नाही. मार्च 2017 मध्ये ट्विटर काउंटर ही फॉलोअर्सची आकडेवारी देणारी सेवा हॅक झाली आणि अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल, फोर्ब्ज यांच्यासह अनेक खात्यांवरून स्वस्तिकचिन्हे आणि तुर्की भाषेतील राजकीय मजकूर प्रसिद्ध झाला. त्या संस्थांचे पासवर्ड चोरीला गेले नव्हते. त्यांनी कधीतरी दिलेली परवानगी तेवढी शिल्लक होती.

दवबिंदू:
यादीतील नावांवरही विसंबू नका. मे 2017 मध्ये 'गुगल डॉक्स' असेच नाव धारण केलेल्या एका बनावट अ‍ॅपने दस्तऐवज पाहण्याचे आमंत्रण पाठवून लोकांकडून जीमेलची परवानगी मिळवली आणि त्यांच्या संपर्कयादीतील सर्वांना तेच आमंत्रण पाठवले. परवानगीचे पान खुद्द गुगलचे होते, त्यामुळे पानाचा वेब-पत्ता तपासणारेही फसले. आणखी एक सांगावेसे वाटते: परवानगी काढल्याने पुढचे थांबते, परंतु अ‍ॅपने आधीच वाचलेले संदेश परत येत नाहीत. त्यात कोणाचे फोन क्रमांक किंवा पैशांचे व्यवहार असतील, तर त्या सदस्यांना कळवा. जाहिराती पुसण्यापूर्वी त्यांचे स्क्रीनशॉटही ठेवा.

रानजाई:
आपले आभार. यादीत नऊ अ‍ॅप्स निघाली, त्यांपैकी सहा आम्हा तिघांपैकी कोणालाही आठवेनात. संदेशांची परवानगी दोन अ‍ॅप्सकडे होती, आणि त्यांतले एक मीच कधीकाळी 'तुमचा पहिला ट्विट कोणता' हे पाहण्याच्या हौसेने जोडले होते, हे मंडळात सांगताना जरा अवघडले. आता मोहिमांच्या सूचना वेळेवर टाकणारे एकच अ‍ॅप ठेवले आहे. काल दुपारपासून एकही जाहिरात गेलेली नाही.