लीगच्या आधीचा जिमी जॉर्ज

'प्राइम व्हॉलीबॉल लीग (ही आपली व्यावसायिक लीग) येईपर्यंत आपल्याकडे व्हॉलीबॉल म्हणजे पोलीस नाहीतर रेल्वेची नोकरी, बस्स' असं कुणीतरी लिहिलंय. बरंचसं खरंय, पण केरळच्या व्हॉलीबॉलपटू जिमी जॉर्जला विसरलात की! केरळ पोलिसातली नोकरी होतीच, तरी १९७९ला तो अबुधाबीच्या क्लबकडे गेला आणि १९८२पासून इटलीत व्यावसायिक म्हणून खेळला. (केरळातल्या पेरावूरचे हे जॉर्ज, जिमी धरून आठ भाऊ, सगळे व्हॉलीबॉलवाले. घरचीच टीम!) मधेच १९८६च्या सोल एशियाडला भारताकडून खेळून ब्राँझही आणलं.

१९८७च्या नोव्हेंबरमध्ये इटलीतच गाडीच्या अपघातात गेला, वय जेमतेम ३२. तिथल्या माँटिकियारी गावात त्याच्या नावाचं इनडोअर स्टेडियम आहे, पालाजॉर्ज. इकडे आमच्या मैदानावर बांबूला नेट बांधून खेळणारी पोरं त्याचं नाव काढलं की 'कोण?' म्हणतात.