वापरलेली पोर्श 911: 2006 ची करेरा एस घ्यावी की 2010 ची करेरा?

प्रश्न (श्टुटगार्ट)

नमस्कार मंडळी. आठ वर्षे रोज झुफेनहाउसेनच्या पोर्श कारखान्यावरून जाता-येता मनात घर करून बसलेली 911, वापरलेली का होईना, आता घ्यायचे ठरवले आहे. दोन गाड्या पाहिल्या. पहिली 2006 ची करेरा एस: 3.8 लिटर, 355 अश्वशक्ती, हाताने टाकायचे सहा गिअर, 92,000 किलोमीटर. दुसरी 2010 ची साधी करेरा: 3.6 लिटर, 345 अश्वशक्ती, पीडीके (दोन क्लचचा, आपोआप गिअर बदलणारा) गिअरबॉक्स, 1,18,000 किलोमीटर आणि किंमत 9,000 युरोने जास्त. पहिली चालवताना इतका आनंद झाला की तिथेच होकार देणार होतो. पण दोन मुलांची शिक्षणे समोर असताना इंजिन उघडायची वेळ आली, तर तो खर्च मला झेपणार नाही. अशी गाडी पारखताना नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (म्युनिक)

तुम्ही दहा अश्वशक्तींचा फरक लिहिलात, पण खरा फरक इंजिनाच्या पोटात आहे. दोन्ही गाड्या 911 च्या 997 या एकाच पिढीच्या असल्या तरी 2008 मध्ये पोर्शने या पिढीला मुळापासून नवे इंजिन दिले. जुन्या इंजिनात एक मधला दांडा असतो आणि त्याचे बेअरिंग तुटून इंजिन निकामी होण्याची भीती सगळ्यांनी ऐकलेली असते. 2006 च्या सुमारास ते बेअरिंग मोठे केल्यावर ती बरीच कमी झाली, आणि नव्या इंजिनात तर तो दांडाच नाही.

जुन्या इंजिनात मला अधिक काळजी वाटते ती सिलिंडरच्या भिंतींची. ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉनचे कण मुरवून त्या केलेल्या असतात; पिस्टनवरचा लेप झिजला की ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासू लागते आणि उभे ओरखडे पडतात. गरम इंजिनाची टिकटिक, तेल जास्त लागणे, एकाच बाजूच्या धुराच्या नळीत दाट काजळी ही त्याची लक्षणे आहेत. मात्र लक्षणे दिसण्याआधीच ओरखडे सुरू झालेले असू शकतात. म्हणून सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून पाहिल्याशिवाय 2006 च्या गाडीला हात लावू नका. स्पार्क प्लगच्या भोकातून सगळे दिसत नाही. ओरखडे बहुधा क्रँककडच्या, म्हणजे आतल्या टोकाला सुरू होतात, त्यामुळे तेलाची थाळी उतरवून खालूनही पाहायला सांगा. हे काम वेळखाऊ आहे, पण त्याचे पैसे तुम्ही देतो म्हणूनही विक्रेता तयार नसेल, तर उठून या.

उत्तर (फ्रँकफर्ट)

वरील मताशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. इंजिन मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरल्याच्या नोंदींचा अहवाल त्याच्या संगणकातून अवश्य काढून घ्या. नुसता ॲक्सिलरेटर दाबून इंजिन मर्यादेबाहेर जात नाही, कारण संगणक इंधन तोडतो. परंतु हाताच्या गिअरमध्ये पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला, की चाकेच इंजिनाला फरफटत नेतात आणि तिथे संगणकाचे काही चालत नाही. 997 मध्ये अशा नोंदी सहा टप्प्यांत होतात. पहिले दोन टप्पे मर्यादेला टेकल्याचे असतात, त्यांनी घाबरू नये. चौथ्याच्या वरचे मात्र गंभीर समजावेत. प्रत्येक टप्प्यापुढे शेवटची नोंद इंजिनाच्या कितव्या तासाला झाली तेही लिहिलेले असते. त्याच अहवालातल्या एकूण तासांनी किलोमीटरना भागले, की सरासरी वेग निघतो आणि तो फारच कमी आला तर मीटर मागे फिरवल्याचे बहुतेक वेळा तिथेच पकडले जाते. पीडीके असा चुकीचा गिअर स्वीकारतच नाही, ही तुमच्या दुसऱ्या गाडीची मोठी जमेची बाजू आहे.

उत्तर (कार्ल्सरूह)

टायरवरचे चार आकडे वाचा. त्यांवरून आठवडा आणि वर्ष कळते. मी माझी गाडी घेतली तेव्हा नक्षी खोल दिसली म्हणून समाधान मानले आणि पहिल्याच पावसात, वळणावर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच, मागची बाजू सुटू पाहत होती. टायर सात वर्षांचे निघाले. निम्म्याहून बरेच अधिक वजन मागच्या चाकांवर असलेल्या गाडीत ही चूक फार महागात पडू शकते. आणखी एक: पुढच्या बंपरच्या जाळीतून टॉर्च मारून आत पाहा. रेडिएटर तिथे असतात, आणि त्यांपुढे ओल्या पानांचा थर साचून राहिला, की त्यांच्यासमोर बसवलेले एसीचे कंडेन्सर सडतात.

प्रश्नकर्ता (श्टुटगार्ट)

सर्वांचे मनापासून आभार. काल पहिल्या गाडीचा अहवाल काढला. 92,000 किलोमीटरना 1,640 तास, म्हणजे ताशी सरासरी 56 किलोमीटर. मीटर खरा दिसतो. मात्र पाचव्या टप्प्यात नोंदी आहेत आणि त्यांतली शेवटची 1,631 व्या तासाची, म्हणजे अगदी अलीकडची आहे. विक्रेत्याला त्याचे कारण सांगता आले नाही, तेव्हा मी त्यांना नम्रपणे नकार कळवला. त्या गाडीचा आवाज अजून कानात आहे, पण दुसरीची तपासणी शनिवारी सकाळी ठरली आहे आणि टॉर्च आजच पिशवीत ठेवला आहे.