अर्नाळकर तुम्हाला कुठे भेटले? किनारपट्टीच्या वाचकांचे अनुभव

रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं निघाली की लगेच वाचणारी पिढी आता थकत चालली आहे. त्यांच्या आठवणी लिहून ठेवायला हव्यात, म्हणून हे आवतण.

बाबूरावांचं मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६, निधन १९९६. टोपणनावातला अर्नाळा म्हणजे वैतरणेच्या मुखाशी जलदुर्ग असलेलं, आपल्याच किनाऱ्यावरचं गाव. १९३६ ते १९८४ या काळात त्यांच्या १,०९२ रहस्यकथा प्रसिद्ध झाल्याची नोंद गिनेस बुकात झाली होती. म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षं, महिन्याला जवळजवळ दोन पुस्तकं! मराठीत एवढं लिहिलेला आणि एवढा वाचला गेलेला माणूस आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात जेमतेम दोन ओळींत आटपतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

समीक्षा नको. तुमच्या हातात ती पुस्तकं कशी आली, त्यांच्या नायकांपैकी धनंजय आवडला की झुंजार की काळापहाड, आणि पुढे काय वाचलंत, एवढं सांगा.

देवगडहून

आमच्याकडे अर्नाळकर आगोटीबरोबर, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीबरोबर यायचे. वडील मुंबईत गिरणीत. मे महिन्यात घरी येताना चहा, साबण, छत्र्या, आणि ट्रंकेच्या तळाशी वर्तमानपत्रात बांधलेला पुस्तकांचा गठ्ठा. पुस्तकं त्यांची एकट्याची नव्हती. गावकीच्या खोलीत राहणारे सगळे मिळून घ्यायचे, वाचून झाली की ज्याची सुट्टी आधी तो ती गावी न्यायचा. एकदा का मिरग लागला आणि लावणी उरकली की संध्याकाळी पडवीत कंदील लावून वाचन सुरू. वाचायचं काम थोरल्या भावाकडे, कारण त्याचा आवाज पावसाच्या वर जायचा. कौलांवर सर आली की तो थांबायचा, आणि नेमकी त्याच वेळी धनंजयाच्या खोलीचं दार कुणीतरी बाहेरून उघडत असायचं.

आजीला अक्षरओळख नव्हती. पण धनंजयाचा मदतनीस छोटू संकटात सापडला की ती वाचन अडवायची. "छोटू मरूचो नाय मां? मगे वाच." भावाला पुढची पानं चाळून तसं वचन द्यावं लागायचं, त्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नसे. खुनी कोण हे तिला आधी कळलं तरी चालायचं, छोटूचं मात्र कळायलाच हवं. आज मी भरपूर रहस्यकथा वाचतो, अनेक भाषांतल्या. पात्राच्या जिवाची इतकी काळजी मला कुठल्याच लेखकाने लावली नाही.

पुस्तकं चतुर्थीला आलेल्या चाकरमान्यांबरोबर परत मुंबईला जायची. जी राहिली ती वाळवीने खाल्ली.

हर्णैहून

नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढलेल्या. जाळी दुरुस्त करायला दहा-बारा जण बसायचे आणि शाळेत जाणाऱ्या एकाला, म्हणजे मला, वाचायला बसवायचे. ऐकणारे फार कडक. एका गोष्टीत (कोणाची होती ते आठवत नाही) गुन्हेगार भर ओहोटीला खाडीतून मचवा घेऊन पळतो. आमच्या तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, तिथेच हात वर केला. ओहोटीला त्या खाडीत मचवा गाळात बसेल, पळेल कसा? मग लेखकाला मुंबई ठाऊक, खाडी नाही, असा निकाल लागला आणि वाचन पुढे चालू झालं. पुरावा तपासून घ्यायची सवय मला तिथे लागली. पुढे आयुष्यभर हिशेबतपासणीच केली.

मालवणहून

माका झुंजार आवडा, पण त्याच्यापेक्षा त्येची विजया. त्या काळात गोष्टीतली बायको रांधपाच्या खोलयेत नायतर रडत बसलेली. ही नवऱ्यावांगडा धोक्यात जाय. आमी दोघी भयणी पुस्तक गोधडयेत लपवन वाचू. आवशीक ठावक होता, पण ती कायएक बोलाक नाय.

चिपळूणहून

आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २००५ च्या पुरात पाणी शिरलं, २२ जुलै २०२१ ला पुन्हा. वाशिष्ठीचं पाणी ओसरल्यावर चिखलातून पुस्तकं काढताना जे दिसलं ते इथे लिहवत नाही. जुनी हस्तलिखितं, दुर्मीळ ग्रंथ यांच्यासाठी लोक धावून आले, ते योग्यच.

मला बोलायचंय ते रहस्यकथांबद्दल. त्यांना पूर नको, त्या आधीच संपलेल्या असतात. हलका कागद, पिनांची बांधणी, आणि एकेक प्रत शेकडो हातांतून फिरलेली. पानं सुटली की कुठल्याही गावच्या ग्रंथालयात ती बाद होते आणि तिच्या जागी नवी कुणी घेत नाही. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं. इतक्या जुन्या संस्थांचा हा किनारा. इथे तरी अर्नाळकरांचा एक वेगळा, बाहेर न देण्याचा विभाग असायला हवा. सामान्य माणूस काय वाचून वाचक झाला, याचा तोच पुरावा आहे.

रत्नागिरीहून

माझं औषधांचं दुकान आहे, म्हणून थोडं वेगळं लिहितो. अर्नाळकरांवरून मी इंग्रजी रहस्यकथाकार एडगर वॉलेसकडे गेलो, त्यांच्यावर वॉलेसचा प्रभाव होता असं ऐकलं म्हणून. तिथून अगाथा ख्रिस्ती, आणि तिथेच मुक्काम. बाईंनी पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषध विभागात काम केलं होतं. १९२० साली आलेल्या त्यांच्या पहिल्याच कादंबरीतलं विष इतकं बिनचूक होतं की औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने त्याचं कौतुक केलं. काउंटरमागे बसून ते वाचताना मला जो आनंद झाला तो दुसऱ्या कुणाला होणार नाही.

त्या स्वतः काय वाचत, हेही पाहण्यासारखं आहे. लहानपणी बहिणीबरोबर शेरलॉक होम्स, आणि डिकन्स तर फारच आवडीचा. सहासष्ट गुप्तहेरी कादंबऱ्या लिहिणारी बाई जाडजूड सामाजिक कादंबऱ्यांत रमत होती. म्हणूनच त्यांची गावं, मोलकरणी, पाद्री खरे वाटतात.

वेंगुर्ल्याहून

आम्ही त्यानंतरचे. आमच्या वाट्याला गुरुनाथ नाईकांचे कॅप्टन दीप आणि उदयसिंह राठोड, मग सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि फिरोज इराणी. एसटी स्टँडवर भाड्याने पुस्तकं देणारा एक स्टॉल होता. सावंतवाडीला जाताना घ्यायचं, येताना परत करायचं. घाटाच्या वळणांवरही मान खालीच. अर्नाळकर मी वडिलांच्या तोंडून ऐकले, वाचले फार उशिरा. भाषा किती सोपी! एकही वाक्य अडत नाही. हे सोपं लिहिणं किती अवघड असतं, ते मुलांना शिकवायला लागल्यावर कळलं.

गुहागरहून

मी अकरावीत आहे. आजोबा सारखं काळापहाड, काळापहाड करतात. मला वाचायचं आहे, पण इतक्या पुस्तकांतून सुरुवात कुठून करू?

धागाकर्ता

गुहागर, तुझ्या प्रश्नासाठीच हे आवतण दिलं असं समज. धनंजयापासून सुरू कर. क्रमाची काळजी नको, जे हाताला लागेल ते घे. एक गोष्ट एका बैठकीत संपते. निवडक कथा नव्याने छापून आल्या आहेत, त्या मिळतील. दुसरी झुंजारची घे आणि मालवणच्या ताईंनी सांगितलंय तसं विजयाकडे लक्ष ठेव. काळापहाड मात्र आजोबांना मोठ्याने वाचून दाखव, आणि ते मध्ये कुठे थांबवतात ते इथे येऊन लिही.

हर्णैची ती खाडीची गोष्ट कुणाला ओळखीची वाटली तर नाव कळवा.