हॅरिस बेटावरची लस्केंटायर पुळण: कोकणातल्या माणसानं एवढ्या लांब जावं का?

सुरूबन (गुहागर)

नमस्कार मंडळी. मुलगा ग्लासगोला नोकरीला आहे. जूनमध्ये मी आणि हे त्याच्याकडे जातोय. त्यानं एडिंबरा, लॉख नेस आणि स्काय बेट असा बेत आखलाय. मी म्हटलं, स्कायपर्यंत जातोच आहोत तर तिथून बोटीनं पुढं हॅरिसला जाऊ. स्कॉटलंडच्या वायव्येला, पार टोकाच्या बेटांपैकी ते एक. तिथली लस्केंटायरची पुळण फोटोत पाहिल्यापासून मनातून जात नाही. मुलगा म्हणतो, "आई, आपल्या परसाच्या बेड्यातून बाहेर पडलं की पुळण. ती सोडून थंडीवाऱ्यात वाळू बघायला जाणार?" ह्यांचंही तेच मत.

माझं म्हणणं असं की गुहागरची पुळण सकाळी सहाच्या आत गेलं तरच आपली असते. नंतर गाड्या, घोडे, गाणी. दिवसभर बसावं आणि लाटेशिवाय दुसरा आवाज येऊ नये, अशी जागा मला आयुष्यात एकदा हवी आहे. पण खरंच तेवढं आहे का, की फोटोच चांगले आहेत? माझे गुडघे दुखतात, वाळूच्या टेकड्या चढाव्या लागतील का? मासे खातो, बाकी मांस नाही. कुणी जाऊन आलं असेल तर सविस्तर सांगा.

तांडेल (मालवण)

ताई, जा. एडिंबऱ्यातला एक दिवस कमी करा, पण हॅरिस सोडू नका.

मी मालवणचा, नोकरी सगळी जहाजावर झाली. मुलगी इन्व्हरनेसला असते, त्यामुळे त्या बेटांवर जाणं होतं. स्कायच्या ऊइग बंदरातून हॅरिसवरच्या टार्बर्टला फेरीबोट जाते, पावणेदोन तासांच्या आत पोचवते. टार्बर्टहून दक्षिणेला गाडी निघाली की आधी नुसता खडक. झाड म्हणून नाही. आपला कातळाचा सडा उन्हाळ्यात जसा दिसतो तसा, फक्त करडा आणि ओला. मग चढ संपतो आणि उजव्या हाताला खाली सगळी खाडी उघडते. समोर टारान्से बेट, मागे डोंगर, आणि मधे पांढरी वाळू, तिच्यावरून हिरवं-निळं पाणी. फोटोत काही खोटं नाही. उलट फोटोत वारा येत नाही आणि आकाश मावत नाही.

आता महत्त्वाचं. ही पुळण बघायची तर सुकतीला, म्हणजे ओहोटीला बघायची. उधाणाच्या दिवसांत तिथं पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. उथळ खाडी असल्यामुळे सुकतीला वाळू इतकी लांबवर उघडी पडते की पलीकडच्या सेलिबॉस्टच्या बाजूचा माणूस ठिपक्याएवढा दिसतो. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. तो हिशेब तिथं लावू नका. प्रत्येक बंदराची वेळ वेगळी असते. तिथं पौर्णिमा-अमावास्येला भरती सकाळी आणि संध्याकाळी सात-आठच्या सुमारास येते, म्हणजे भर दुपारी सुकती. पौर्णिमेनंतरचे दोन दिवस मिळाले तर सोनं. नक्की वेळ तिथल्या भरतीच्या तक्त्यात बघून घ्या, मोबाईलवर मिळतो. आणि वाळूत लांब गेलात तर भरती फिरायच्या आत परता. पाणी समोरून येतं असं वाटतं, पण मधल्या वहाळातून ते आधी पाठीमागे भरतं. तुम्ही गुहागरच्या, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, पण मुलाला सांगा.

गुडघ्यांचं म्हणाल तर रस्ता जिथं संपतो तिथं दफनभूमी आहे आणि शेजारी गाड्या लावायची छोटी जागा. तिथून टेकड्यांच्या मधून पायवाट पुळणीवर उतरते. फार चढ नाही, वाळू मात्र सैल आहे, काठी न्या.

त्या दफनभूमीपाशी थोडं थांबा. पुळण शांत का, ह्याचं निदान अर्धं उत्तर तिथं आहे. पश्चिमेचा हा किनारा पूर्वी पिकाऊ होता. वाऱ्यानं शिंपल्यांची वाळू आत उडत जाऊन जी सपाट गवताळ जमीन होते तिला मॅखर म्हणतात. आयर्लंडचा वायव्य भाग आणि स्कॉटलंडचा पश्चिम किनारा सोडला तर ती कुठं नाही. जून-जुलैत ती फुलांनी भरते. एकोणिसाव्या शतकात जमीनमालकांना मेंढ्या जास्त फायद्याच्या वाटल्या आणि ह्या किनाऱ्यावरची कुळं उठवली. काही जहाजानं परदेशी गेली, काही बेटाच्या पूर्व बाजूला खडकांत जाऊन राहिली. तिथं माती इतकी कमी की समुद्रातलं शेवाळ पाठीवरून वाहून आणून, खडकावर वाफे रचून बटाटे लावले. मेलेल्या माणसाला पुरायलाही माती पुरेना. म्हणून प्रेत खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडून पश्चिमेला आणत, त्याच वाळूत. ती वाट अजून आहे, लोक तिच्यावरून चालतात.

मी हे मुद्दाम सांगतोय. आपल्याकडेही घरं बंद आहेत, गणपतीला उघडतात. पण आपली माणसं पोटासाठी मुंबईला गेली, त्यांना परतायला घर राहिलं. ह्यांना त्यांच्याच जमिनीवरून काढलं. त्या शांततेत बसताना हे ठाऊक असलेलं बरं, असं मला मनापासून वाटतं.

दोन रात्री तरी बेटावर काढा. सकाळच्या बोटीनं जाऊन संध्याकाळच्या बोटीनं परत, असा बेत करू नका. एका जागी बसा. जूनच्या मध्याला सूर्य रात्री साडेदहाला मावळतो, घाई कशाला?

चिपळूणची पोर (इन्व्हरनेस)

ताई, काकांनी मुख्य ते सांगितलंच, मी व्यवहाराचं सांगते. फेरीवर गाडीची जागा आत्ताच बुक करा, जूनमध्ये शेवटच्या घटकेला मिळत नाही. वारा वाढला की बोटी रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर राहू नका, मधे एक दिवस मोकळा ठेवा. बेटावर बरेच रस्ते एकपदरी आहेत, ठरावीक अंतरावर थांबायच्या जागा केलेल्या असतात. समोरून गाडी आली की जवळ असेल त्यानं थांबायचं, आणि हात वर करून आभार मानायचे.

रविवार सांभाळा. लुइस म्हणजे हॅरिसला लागूनच असलेला उत्तरेचा भाग. लुइस-हॅरिसला लोक रविवार फार पाळतात. लुइसच्या स्टॉर्नोवे बंदरातून रविवारची फेरी सुरू झाली तीच २००९ साली, आणि तेव्हाही विरोध झाला होता. बरीचशी दुकानं बंद असतात. शनिवारीच पेट्रोल, दूध, पाव, भाजी घेऊन ठेवा. त्या दिवशी गावात मोठ्यानं गाणी लावू नका. तिथल्या म्हाताऱ्या लोकांना ते लागतं.

जून म्हणून कॉटनचे कपडे भराल. नका भरू. दिवसा १३-१५ अंश आणि वर वारा. वारा थांबला की मिजेस नावाच्या बारीक माश्या येतात, डासांपेक्षा बारीक आणि झुंडीनं. पुळणीवर वारा असतो तोवर त्रास नाही. खायला ताजे मासे मिळतात, पण आमच्या पद्धतीचं काही नाही. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, तांदूळ, तिखट आणि आमसुलं बरोबर ठेवा. मी हॅडकचं तिखलं करते, छान होतं.

सुरूबन (गुहागर)

तांडेलकाका, तुमचं लिहिलेलं ह्यांना वाचून दाखवलं. प्रेताच्या वाटेचं ऐकून ते गप्प झाले, मग म्हणाले, जाऊ. मुलाला कळवलंय.

अजून दोन गोष्टी विचारते. एक, तिथली वाळू एवढी पांढरी कशी? आमची करडी, काही ठिकाणी तर काळी. आणि दुसरं, आमचं पोचणं वद्य अष्टमीच्या आसपास होतंय, बोट तेव्हाचीच मिळाली. मग सुकती बघायला मिळणार नाही का?

जांभा (राजापूर)

वाळूचं मी सांगतो, भूगोल शिकवायचो. लस्केंटायरच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा भरपूर आहे, म्हणून ती पांढरी आणि म्हणूनच मॅखरची माती चुनखडीची. आपल्याकडे सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट आणि जांभा झिजून नद्यांनी वाहून आणलेली वाळू. रत्नागिरीच्या काही पुळणींवर काळी पट्टी दिसते ते इल्मेनाइट, त्यात टायटॅनियम असतं. सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हॅरिसचा खडक नाइस जातीचा, त्यातला काही जवळजवळ ३०० कोटी वर्षांचा, युरोपातल्या सर्वांत जुन्या खडकांपैकी. टार्बर्टहून जाताना करड्या पट्ट्यापट्ट्यांचा दगड दिसेल, गाडी थांबवून त्यावर हात ठेवून या.

पाणी निळं दिसण्यामागंही नद्यांचाच संबंध आहे. तिथं मोठ्या नद्या नाहीत, गाळ येत नाही. आपल्या वाशिष्ठी-शास्त्री पावसात लाल होऊन समुद्रात उतरतात, त्या गाळावर तर आपले मासे पोसतात. त्यामुळे आपलं पाणी गढूळ म्हणून कमी, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

वाळू धरून ठेवणारं गवतही बघा. आपल्याकडे जे काम मर्यादवेल करते ते तिथं मॅरम गवत करतं. उंच, टोकदार पात्यांचं. त्याच्यावर पाय देऊन टेकडीवर चढू नका. मुळं तुटली की वारा त्या जागी खड्डा पाडतो आणि पुढच्या हिवाळ्यात अख्खी टेकडी फुटते. गुहागरला किनाऱ्यालगतची मर्यादवेल गाड्यांखाली गेल्यावर काय होतं, ते तुम्ही डोळ्यानं बघताच.

तांडेल (मालवण)

ताई, अष्टमी म्हणजे भांग. पाणी कमी चढेल, कमी उतरेल. वाळू पौर्णिमेएवढी उघडी पडणार नाही, पण वाईट अजिबात नाही. अष्टमीला तिथं भरती दुपारी दोनच्या आसपास आणि सुकती रात्री आठला. आठला म्हणजे जूनमध्ये लख्ख उजेड, सूर्य मावळायला आणखी अडीच तास.

म्हणून असं करा. दुपारी भरती असताना स्कारिस्टाला जा. लस्केंटायरहून दक्षिणेला, गाडीनं थोड्याच अंतरावर आहे. तिथं पुळण थेट मोठ्या समुद्राला उघडी, भरतीच्या लाटा बघाव्यात तर तिथंच. मग खोलीवर येऊन लवकर जेवून घ्या आणि सहाच्या पुढं लस्केंटायरला जा. बहुतेक माणसं तोवर निघून गेलेली असतात. पाणी उतरत असतं, त्यामुळे भरतीत अडकायची धास्ती नाही, ओल्या कडक वाळूवर गुडघ्यांनाही बरं पडेल. थर्मासमध्ये चहा न्या, कानाला बांधायला मफलर न्या, आणि ह्यांना मासेमारीचा नाद असेल तर गळ घरीच ठेवायला सांगा, नाहीतर तुम्ही एकीकडे आणि ते दुसरीकडे.

परत आल्यावर इथं लिहा. मॅखरवर फुलं कुठली होती ते विशेष लिहा, मला अजून ती भर फुलोऱ्यात बघायला मिळालेली नाही.