विषय: ब्रेकचं पेडल लांब जातंय (मंडळाच्या कामाचं नाही)

प्रेषक: निखिल, दादर

मंडळी नमस्कार,

मेलबर्न सोडून तीन वर्षं झाली तरी मंडळाच्या मेल-लिस्टवरून माझं नाव कुणी काढलेलं नाही, त्याचा आज फायदा घेतोय. मेधाताई आणि श्रीकांतकाका, मेल मुख्यतः तुमच्यासाठी.

विंटन-सँडाउनच्या रेस ट्रॅकवर गाडी पळवायचं वेड इथेही सुटलं नाही. दोन दरवाजांची, मागच्या चाकांवर पळणारी एक जुनी गाडी घेतली. किंमत लिहीत नाही, कारण बाबा ही लिस्ट अजून वाचतात. मुंबईत ट्रॅक नाही, म्हणून गाडी फ्लॅटबेड ट्रकवर चढवून १,३०० किलोमीटर लांब चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर न्यायची, दोन दिवस हौस भागवायची आणि परत आणायची. एरवी रविवारी सकाळी दादर ते वरळी, आणि अधूनमधून ऑफिसला.

पहिल्या खेपेला चौथ्या फेरीत पेडल स्पंजासारखं झालं. पाचव्या फेरीत सरळीच्या शेवटी पाय फळीला टेकला आणि मी मातीत. गाडीला काही झालं नाही, मला मात्र घाम फुटला. परत आल्यावर गॅरेजवाला म्हणाला, डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्या) वाकल्या, पॅड (त्यांना दोन्हीकडून आवळणारे) गेले. दोन्ही नवे टाकले, ब्रेक ऑइलही बदललं. दुसऱ्या खेपेला स्पंज नव्हता, पण मधूनच पेडल अर्ध्यापर्यंत रिकामं जायचं. सोडून पुन्हा दाबलं की टणक! आता तो मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेकचं तेल पुढे ढकलणारा भाग, बदलायला सांगतोय. २८ हजार. देऊ का?

निखिल

---

प्रेषक: प्रसाद

देऊन टाक, भावा. माझ्या जुन्या सेडानचं अगदी हेच झालं होतं. मास्टर सिलिंडर बदलला, विषय संपला.

---

प्रेषक: सुजाता

निखिल, ब्रेकमधलं मला कळत नाही, पण तू गणपतीच्या आधी येणार होतास ना? छबिलदास गल्लीतून उकडीच्या मोदकाचे दोन साचे आण. पितळेचे. प्लॅस्टिकचे इथे मिळतात आणि त्यांना कळ्या नीट पडत नाहीत.

---

प्रेषक: मेधा

निखिल, थांब. आत्ता एकही पार्ट विकत घेऊ नकोस.

दोन खेपांना तुझ्या गाडीला दोन वेगळे आजार झाले आणि गॅरेजवाल्याने दोन्हींना एकच गोळी दिली, पार्ट बदल. पाय काय सांगतो ते आधी ऐकायचं. पेडल स्पंजासारखं दबतं, याचा अर्थ पाइपात दाबली जाणारी वस्तू आहे, हवा तरी किंवा वाफ तरी. पेडल दगडासारखं घट्ट लागतं आणि तरी गाडी थांबत नाही, तेव्हा तेलाला दोष देऊ नये. तिथे पॅड त्यांच्या कुवतीपलीकडे तापलेले असतात. हलक्या पायाने धरून ठेवलं आणि ते हळूहळू खाली बसत गेलं, बाहेर कुठे गळती नाही, तर मास्टर सिलिंडरचं सील आतल्या आत सोडतंय. प्रसाद, तुझ्या गाडीला बहुधा हे झालं असेल. निखिलचं दुसऱ्या खेपेचं लक्षण यातलं एकही नाही.

पहिल्या खेपेचं मात्र मला जवळजवळ नक्की वाटतं. तेल उकळलं. तुझी गाडी ११०० किलोची धरू. ताशी १६० वरून ६० वर आणायची तर साधारण ९ लाख ३० हजार जूल उष्णता कुठेतरी जायला हवी. तेवढ्यात ३ लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला येतं. म्हणजे आपल्या कोजागरीच्या चहाचं मोठं पातेलं! तू ते तीन-चार सेकंदांत करतोस, आणि प्रत्येक फेरीत अनेकदा. पुढच्या एकेका डिस्कच्या वाट्याला त्यातला तिसरा हिस्सा येतो. डिस्क ६ किलोची असेल तर एका दाबात तिचं तापमान शंभर-सव्वाशे अंशांनी चढतं. ती निवायच्या आत पुढचं वळण.

आता तेल. नवं डॉट ४ (ब्रेक तेलाचा नेहमीचा दर्जा) निदान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये. पण हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं, टाकीच्या झाकणातून आणि रबरी होजमधूनही. त्यात पाणी ३.७ टक्क्यांवर गेलं की त्या दर्जाची हमी १५५ अंशांवर येते. तुमच्याकडे जुलै-ऑगस्टात हवेत ८० टक्क्यांच्या वर दमटपणा असतो. मेलबर्नला दोन वर्षं चाललेलं तेल मुंबईत तेवढं टिकेल ही आशा सोड. गॅरेजवाल्याने नवं तेल सीलबंद डब्यातून ओतलं की फळीवरच्या अर्ध्या उघड्या डब्यातून, ते पाहिलं होतंस का?

आणि डिस्क "वाकल्या" म्हणजे कुणी मोजल्या? पेडलला थरथर होती का? थरथर असली तरी बहुतेक वेळा डिस्कवर पॅडचा थर कमीजास्त बसलेला असतो, डिस्कचं बीड (ओतीव लोखंड) वाकलेलं नसतं.

मला तीन गोष्टी कळव. लांब पेडल नेमकं कुठे लागलं? सलग सरळ चालवल्यावर लागतं का? आणि इंजिन चालू ठेवून पेडल हलक्या पायाने एक मिनिट धर. ते खाली बसतं का?

मेधा

---

प्रेषक: निखिल, दादर

मेधाताई, डब्याचा प्रश्न वाचून गॅरेजमध्ये जाऊन आलो. डबा उघडाच होता. झाकणाच्या जागी कापडाचा बोळा. मी काही बोललो नाही, फक्त सीलबंद रेसिंगचं तेल आणून दुसरीकडे टाकून घेतलं, चारही चाकांच्या निपलांतून (जुनं तेल सोडायच्या तोट्यांतून) स्वच्छ तेल येईपर्यंत. कोरडं असताना ३०० अंशांच्या पुढे उकळणारं आहे. वर्षातून दोनदा बदलावं लागेल, चालेल.

थरथर नव्हती. जुन्या डिस्क नशिबाने टाकल्या नव्हत्या. मायक्रोमीटरने आठ ठिकाणी मोजल्या, जाडीत फरक सांगण्यासारखा नाही. म्हणजे त्या चांगल्या होत्या. असो.

पेडल मिनिटभर धरलं. तसूभर हललं नाही. २८ हजार वाचले, निदान आज तरी.

आता खरी गंमत. दुसऱ्या खेपेचा व्हिडिओ पुन्हा पाहिला. मी सात वेळा पेडल दोनदा मारलंय, आणि सातही वेळा आधी उजवं वळण आहे. लांब, वेगाचं. डाव्या वळणानंतर एकदाही नाही. शिवडीला ओळखीच्यांच्या गोडाऊनचं मोकळं आवार आहे, तिथे रविवारी शंकू मांडले. सरळ जाऊन ब्रेक मारला की पेडल जागेवर. शंकूंमधून नागमोडी काढून मारला की बोटभर खाली. तेल, पॅड सगळं थंड होतं. म्हणजे याचा उष्णतेशी संबंध नाही?

---

प्रेषक: मेधा

नाही. डिस्क पॅडला ढकलतेय.

उजव्या वळणात सगळा भार डाव्या चाकावर येतो. हब (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो भाग) डगमगत असेल तर डिस्क कॅलिपरमध्ये (पॅड धरणाऱ्या चिमट्यात) तिरकी होते आणि पॅडला, पॅडमागच्या पिस्टनला आत रेटते. वळण संपलं की डिस्क सरळ होते, पिस्टन मात्र मागेच राहतो. पहिल्या दाबाचं तेल ती फट भरण्यात जातं, दुसऱ्या दाबाला पेडल जागेवर. तुझे पुढचे कॅलिपर चार पिस्टनांचे, न सरकणारे आहेत ना? त्यांना हे जास्त जाणवतं. एका बाजूच्या दोन पिस्टनांचं क्षेत्रफळ २५ चौरस सेंटिमीटर धर, ते अर्धा मिलिमीटर मागे गेले. २२ मिलिमीटरच्या मास्टर सिलिंडरला तेवढं तेल ढकलायला सव्वातीन मिलिमीटर सरकावं लागतं. पेडलची पट पाचाची असेल, म्हणजे पाय पाच सरकला की सिलिंडर एक, तर पायाखाली दीड सेंटिमीटरहून जास्त. तुझं "बोटभर" जुळलं की नाही?

सरळीवर ब्रेकच्या आधी डाव्या पायाने पेडल हलकंच टेकवलं की फट भरते, आणि शर्यतीतले लोक ते करतातही. पण रोगाला तसं पांघरूण घालू नकोस. हब ज्यावर फिरतो ते बेरिंग बघ. श्रीकांतकाका, इथून पुढे तुम्ही.

---

प्रेषक: श्रीकांत

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

बेस्टच्या वर्कशॉपात माझी ३१ वर्षं गेली. आमच्या गाड्यांना हवेचे ब्रेक, त्यामुळे तेलाचं मेधाने सांगितलं तेच खरं मान. बेरिंगचं मात्र माझ्याकडून ऐक.

गाडी जॅकवर उचल आणि घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेव. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली हात घालायचा नाही, हे तुला सांगावं लागू नये. चाक घड्याळातल्या बाराच्या आणि सहाच्या जागी धर आणि पुढेमागे हलव. मग नऊला आणि तीनला. फक्त नऊ-तीनला हललं तर स्टिअरिंगचे सांधे बघ. बारा-सहाला टक्‌ लागलं तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग आणि पुन्हा हलव. ब्रेक दाबल्यावर प्ले (ढिलेपणा) नाहीसा झाला तर बेरिंग. तसाच राहिला तर बॉल जॉइंट, म्हणजे सस्पेन्शनचा सांधा. पुढे एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्याने चाक फिरव. बेरिंग खराब असेल तर स्प्रिंगमध्ये जात्यावर दळल्यासारखं लागतं. कानाला ऐकू येण्याच्या आधी हाताला कळतं.

डावं बघ आधी. मुंबईत डावी बाजूच आधी मरते. पाणी कडेला साचतं, खड्डा पाण्याखाली जातो, त्यात पेव्हर ब्लॉकची कड. आणि तुम्ही पोरं त्याला पातळ टायर लावता.

---

प्रेषक: निखिल, दादर

काका, साष्टांग नमस्कार. डावं पुढचं. बारा-सहाला अगदी बारीक टक्‌, ब्रेक दाबला की गायब. स्प्रिंगवर हात ठेवला आणि खरंच जात्यासारखं लागलं! उजव्या बाजूला गुळगुळीत.

परळला एक म्हातारे फिटर आहेत, त्यांच्याकडे डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं यंत्र) होतं. हबवर टेकवून हलवलं तर डावीकडे ०.१८ मिलिमीटर, उजवीकडे काटा जेमतेम थरथरला. ते म्हणाले ०.०५ च्या वर गेलं की मी गाडी सोडत नाही. पुढची दोन्ही बेरिंग बदलली, जुन्या हबची डिस्क टेकते ती बाजू घासून साफ केली, मग डिस्क बसवून तिच्यावर गेज लावलं. पूर्ण फेरीत ०.०३.

काल पुन्हा शिवडीला शंकू. नागमोडी काढली, पेडल जिथल्या तिथे. नंतर आठ-दहा जोरदार ब्रेक मारून लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या तापमान मोजायच्या इन्फ्रारेड पिस्तुलाने चारही डिस्क बघितल्या. पुढच्या दोघींत फक्त १२ अंशांचा फरक, म्हणजे कुठला पिस्टन किंवा पिन अडकलेली नसावी. बरोबर ना, ताई?

---

प्रेषक: मेधा

बरोबर. पण तापमान इन्फ्रारेडने बघतोस तर दोन्हींकडे एकाच जागी धर. चकचकीत धातू कमी दाखवतो. आणि ट्रॅकवरून तापलेली गाडी आत आणलीस की हँडब्रेक ओढू नकोस, ब्रेकवर पाय ठेवूनही उभा राहू नकोस. पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि मग थरथरीचा मेल येईल. गिअरमध्ये टाक, चाकाला लाकूड लाव. शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता घे.

---

प्रेषक: श्रीकांत

जुनं बेरिंग भंगारात दिलंस का? देऊ नकोस. कापून आत काय आहे ते बघ आणि मला फोटो पाठव.

---

प्रेषक: निखिल, दादर

काका, ग्राइंडरने कापलं. फोटो जोडलाय. आतल्या कड्यावर एका बाजूला ओळीने बारीक खळगे आहेत, बॉलच्या अंतराअंतरावर. परळचे फिटर म्हणाले, हा एक जोरात बसलेला खड्डा, हळूहळू झिजलेलं नाही. कुठला ते मला बहुधा माहीत आहे. गेल्या जुलैत, हिंदमाताला, साचलेल्या पाण्यात.

---

प्रेषक: सुजाता

फोटो उघडला आणि आनंद झाला, वाटलं साचा घेतलास. खळगे अगदी कळ्यांसारखे! अकराच्या घे, एकवीसच्या फार बारीक पडतात.